उरलेले सहा शब्द

मान्सानिल्यो, ४ मार्च

ल्युदाताई,

हे पत्र फक्त वॉलेटबद्दल आहे. ऑक्टोबरबद्दल मी काही लिहिणार नाही, तूही लिहू नयेस.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे बेर्ताच्या हाती देते आहे. ती इथे विकायच्या चपला आणि नेलपॉलिश भरायला समुद्रापलीकडे जॉर्जटाउनला, तू काम करतेस त्याच दुकानात येते, म्हणजे वेगळा खर्च नाही.

मुद्दा असा. आपण तिघींनी ज्या अॅपमध्ये पैसे साठवले, ते बनवणाऱ्यांनी काम थांबवलं आहे. जूननंतर ते चालणार नाही. शिवाय ते आहे आईच्या जुन्या फोनवर, आणि त्या फोनची बॅटरी फुगली आहे. मागचं झाकण बसत नाही. मी ते इलॅस्टिकने बांधून ठेवलं आहे. अॅप अजून उघडतं. रक्कम तू गेलीस तेव्हा होती तेवढीच आहे. जाताना तू कर्ज काढलंस, यातलं काही घेतलं नाहीस, हे मी विसरलेले नाही. आता माझं इथून निघणं त्या रकमेवरच आहे. पगारातून ते या जन्मी व्हायचं नाही.

सगळं माझ्या फोनवरच्या नव्या अॅपमध्ये हलवायला हवं. नवं अॅप बारा शब्द मागतं. पैसे फोनमध्ये नसतात, त्या बारा शब्दांत असतात, हे मी तुम्हा दोघींना स्वयंपाकघरात समजावलं होतं. आई म्हणाली होती, "म्हणजे कारिदादच्या माऊलीला बोललेला नवस. शब्द चुकला की गेलं सगळं." मग तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि मधोमध फाडला. वरचे सहा मला, खालचे सहा तुला. मी म्हटलं, ही पद्धत चुकीची आहे, एक तुकडा हरवला तर दोन्ही वाया. ती म्हणाली, "पैसा एकीच्या हातात राहिला की दुसरी पाहुणी होते."

तर मला तुझे सहा हवे आहेत. पत्रात लिहू नकोस. संदेशात नको, फोटो नको, बेर्ताला तोंडी तर मुळीच नको. म्हणजे समोर येऊन सांगणं एवढंच राहतं. दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही.

इथे विशेष नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आमच्या विभागात नऊ टेबलं आहेत आणि माणूस मी एकटी, बाकीचे देश सोडून गेले. रोज वेगळ्या टेबलावर बसते, कारण संगणक बंद राहिले की दमट हवेने खराब होतात. गल्लीतल्या चार रिकाम्या घरांच्या किल्ल्याही माझ्याकडे आहेत. रविवारी जाऊन नळ सोडते, खिडक्या उघडते, तासाभराने बंद करते.

नादिएस्का


मान्सानिल्यो, ३० मार्च

ल्युदाताई,

बेर्ता अजून परतलेली नाही, तेव्हा तुझं उत्तर नसणं हे अजून उत्तर धरता येत नाही. तोवर सावधगिरी म्हणून एक घटना कळवते. हे पत्र बेर्ताच्या भावजयीबरोबर पाठवते आहे.

समुद्राकाठी मासे तळणारी ओनेलिया तुला आठवत असेल. तिची मुलगी टँपाहून तिला वॉलेटवर पैसे पाठवते. अॅप आपलंच, बंद पडणारं. ती नवं अॅप घ्यायला योएल्विसच्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेली. इथून अॅपचं दुकान उघडत नाही आणि नेटला पैसे पडतात, म्हणून सगळे करतात तेच तिनेही केलं: योएल्विसच्या फोनवरून सरळ आपल्या फोनवर घेतलं. मग बारा शब्द भरले. चार मिनिटांत वॉलेट रिकामं.

मी चार्जरची वायर घ्यायला गेले तेव्हा ती तिथे स्टुलावर बसली होती.

"ए पोरी, तू शिकलेली आहेस, बघ गं जरा. मी शब्द नीट भरले. चष्मा लावून भरले."

योएल्विस म्हणाला, "राणी, मी अर्ध्या गावाला हेच दिलंय. एकाची तक्रार नाही."

"एकाची नाही? मग मी काय भिंत आहे का रे?"

"काकी, तुझं नेट खराब असेल."

"नेट खराब असलं तर पैसे येत नाहीत, मेल्या. जात नाहीत."

मी त्याच्याकडची फाइल घेतली. अॅप बनवणारे आपल्या पानावर प्रत्येक फाइलचा ठसा देतात, चौसष्ट अक्षरांचा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. त्याच्या फाइलचा ठसा काढला. पहिलंच अक्षर जुळेना.

"थोडंफार इकडचं तिकडं असेल," योएल्विस म्हणाला.

"यात थोडंफार नसतं. हे दुसरंच कुणीतरी बनवलेलं आहे. शब्द भरले की ते शब्द त्याला पोचतात."

"मला बायामोच्या माणसाने दिलं. त्याला होल्गिनहून आलं." तो मला नाही, ओनेलियाला सांगत होता. "काकी, शप्पथ. मी माझ्या आईच्या फोनवरही हेच टाकलंय." आणि बोलता बोलता काउंटरवरून उडी मारून तो घराकडे पळाला. दुकान उघडं टाकून.

ओनेलिया म्हणाली, "आता याच्या आईला तरी वेळेवर कळू दे." मग मला म्हणाली, "तुझी ताई कशी आहे गं?"

मी म्हटलं, बरी आहे.

आपल्यासाठी मी अॅप कार्यालयाच्या लाइनवरून मूळ पानावरून उतरवलं आणि ठसा तीनदा ताडून पाहिला. त्या बाजूने काळजी नको. फक्त शब्द राहिले आहेत.

नादिएस्का


मान्सानिल्यो, २१ एप्रिल

ल्युदाताई,

बेर्ता काल आली. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या आवाजासकट. तिला नक्कल चांगली जमते.

तू चपलांचे जोड मोजत होतीस. लिफाफा खिशात टाकलास. दुपारी गोदामात जाऊन वाचलास आणि तुझ्याबरोबर दुकानात काम करणाऱ्या त्या व्हेनेझुएलाच्या योर्लेला दाखवलास. योर्ले म्हणाली, "फोन उघडतोय ना तिचा? मग शब्द कशाला हवेत? नवं वॉलेट काढायचं, त्याचे नवे शब्द घ्यायचे, आणि जुन्यातून सगळं तिकडे पाठवून द्यायचं. दहा मिनिटांचं काम." मग तू बेर्ताला म्हणालीस, "तिला सांग, मी तिच्याएवढी शिकलेली नाही. पण बावळटही नाही. काय हवंय ते सरळ बोलायला सांग."

योर्लेचं बरोबर आहे. उलट तीच पद्धत जास्त सुरक्षित, कारण जुने शब्द जुन्या अॅपने पाहिलेले असतात. मला हे ४ मार्चला माहीत होतं.

"दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही" हे वाक्य खोटं होतं. तेवढं दुरुस्त करते.

तू पत्रावर उत्तर दिलं नाहीस. बेर्ताने मला दूध पावडरचं एक पाकीट दिलं आणि बजावलं, "हे तुझ्या ताईने दिलेलं नाही हं, मी देतेय. गैरसमज नको."

येत्या रविवारी योर्लेच्या पद्धतीने सगळं हलवते. नव्या वॉलेटच्या शब्दांचं काय करायचं ते तू कळव. निम्मे तुझे आहेत. नको असतील तर तसंही कळव. बेर्ताची फेरी लांब आहे, म्हणून हेही तिच्या भावजयीकडे देते आहे.

नादिएस्का


मान्सानिल्यो, १६ मे

ताई,

फोन गेला.

क्रमाने लिहिते. २८ एप्रिलच्या रविवारी मी हलवायला बसले आणि केलं नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी. ५ मेलाही केलं नाही. दोन्ही वेळा वीज होती, नेट होतं, नवं अॅप तयार होतं. कारण असं काही नव्हतं. हे काम झालं की तुला लिहायला माझ्याकडे काही उरत नाही, हे कारण धरायचं तर धर.

बॅटरी चार्ज धरत नव्हती, म्हणून फोन सतत वायरला लावून ठेवावा लागे. ९ तारखेला मी कार्यालयात असताना वीज गेली, आणि दुपारी आली ती एकदम जोरात. गल्लीतले दोन फ्रीज जळले. फ्रीजला मी व्होल्टेजचं यंत्र लावलेलं आहे. फोनला लावलं नव्हतं. चार बंद घरांतल्या फ्रीजना लावलं आणि याला नाही.

योएल्विसने पाच दिवस खटपट केली. त्याने त्याच्या आईचं वॉलेट वेळेवर वाचवलं, त्यामुळे तो माझ्याकडून पैसे घेत नाही. बोर्ड उघडून दाखवला. ज्या चिपमध्ये सगळं असतं तीच काळी झाली आहे.

"राणी, याच्यावर आता मेणबत्ती लावायची," तो म्हणाला. "शब्द आहेत ना तुझ्याकडे?"

"निम्मे."

"निम्मे? म्हणजे निम्मे पैसे मिळतात का?"

"नाही. काहीच मिळत नाही."

"आणि बाकीचे?"

"बहिणीकडे."

"मग सोपं आहे की," तो म्हणाला. नवरा-बायको, भाऊ-बहीण, सगळं त्याला सोपंच वाटतं.

पैसे कुठे गेलेले नाहीत. आपल्या वॉलेटचा पत्ता कुणालाही पाहता येतो. मी रोज सकाळी कार्यालयातून पाहते. रक्कम तिथे आहे, आकडा दिसतो, आणि तिला हात लावता येत नाही. सहा शब्द असले तरी उरलेले सहा अंदाजाने काढणं कुठल्याही यंत्राला जमणार नाही. मी गणित करून पाहिलं.

आता खरोखर तुझे शब्द हवे आहेत. मार्चमध्ये खोटं लिहिलं तेच वाक्य आता खरं म्हणून लिहिते आहे, आणि तुला ते खरं वाटायचं काही कारण नाही, हे मला कळतं. बेर्ता सोमवारी निघते आहे. जळलेल्या बोर्डाचा फोटो सोबत आहे.

नादिएस्का


मान्सानिल्यो, ९ जून

ताई,

बेर्ता म्हणते, तू फोटो पाहिलास आणि परत दिलास. "लांडगा आला रे आला झालंय हिचं," असं म्हणालीस. "दर महिन्याला नवी गोष्ट. मला काय माहीत कुणाचा फोन जळलाय. शब्द दिले की ही सगळं घेऊन मोकळी, मग मला ओळखही द्यायची नाही." आणि मग, बेर्ता म्हणते, ती निघताना तू विचारलंस, "बारीक झालीय का?"

बेर्ताने काय सांगितलं ते मला सांगितलं नाही.

मी खूप विचार केला. तू शब्द का देत नाहीस याचं कारण पैशांत नाही. ते ऑक्टोबरमध्ये आहे. तेव्हा तेच आधी लिहायला हवं होतं.

मी तुला सांगितलं, आई म्हणाली होती की ल्युदाला कळवू नका, ती उगाच धावत येईल. आईने तसं म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन तारखेला तीन आठवडे सांगितले. मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. तिकिटं त्या आठवड्यात महाग होती, पंधरानंतर उतरणार होती, आणि तुझं तिकीट याच वॉलेटमधून काढावं लागलं असतं. मी म्हटलं, अकराला कळवू, सतराला येईल, चार-पाच दिवस मिळतील. मी तारखा कागदावर लिहून काढल्या होत्या. आई बाराला सकाळी गेली. तुला मी अकराला, म्हणजे नऊ दिवस उशिरा कळवलं, आणि त्या नऊ दिवसांत आईने दोनदा विचारलं, "ल्युदा निघाली का?" पहिल्यांदा मी म्हटलं, निघतेय. दुसऱ्यांदा म्हटलं, रस्त्यात आहे.

तू फोनवर ओरडलीस तेव्हा मी म्हणाले होते, आता येऊन काय उपयोग. त्यानंतर तू नंबर बंद केलास. दुसऱ्या कुणी केला असता तरी मी त्याला बरोबरच म्हटलं असतं.

या पत्रासोबत माझा कागद आहे, आईने फाडलेला, वरचा अर्धा. बेर्ताने लिफाफा शिवणीच्या दोऱ्याने टाचला आहे. मीच घातलेला नियम मी मोडते आहे, पण नियम शब्द परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून होता. तुझे सहा माझ्याकडे यायला हवेत असं मी धरून चालले होते. माझे सहा तुझ्याकडे गेले तरी गणित तेच.

काय करायचं ते लिहिते. अॅप मूळ पानावरून घे, कुणाच्या फोनवरून नाही. तिथून पान उघडतं, तेव्हा सबब नाही. आधी माझे सहा, मग तुझे, त्याच क्रमाने. योर्लेलाही दिसू देऊ नकोस. उघडल्यावर पत्त्याची शेवटची अक्षरं जुळतात का पाहा, मागे लिहिली आहेत. मग लगेच दुसरं, नवं वॉलेट काढ, कारण हा कागद बेर्ताच्या पिशवीतून समुद्र ओलांडून आलेला आहे आणि त्याच्यावर आता भरवसा ठेवायचा नाही. नवे बारा शब्द हाताने कागदावर लिही. नवं वॉलेट रिकामं असतानाच पुसून टाक आणि त्या कागदावरून परत उघडून पाहा. उघडलं, तरच आधी थोडे पाठव. पोचले की बाकीचे.

नंतर ते तुझे आहेत. सगळे ठेवलेस तरी मी विचारणार नाही. हे मी शहाणपणा म्हणून लिहीत नाही. मला खरंच विचारता येणार नाही.

नादी


मान्सानिल्यो, ३ जुलै

ताई,

काल तू फोन ठेवलास, की लाइन तुटली, मला अजून कळलेलं नाही. म्हणून जे बोललो ते लिहून काढते. माझ्याकडे नोंद असावी.

पावणेअकराला कार्यालयाचा फोन वाजला. आमच्याकडे तो हल्ली वाजत नाही, त्यामुळे कुठला वाजतोय ते शोधावं लागलं. चौथ्या टेबलावरचा होता.

मी म्हटलं, "पाणीपुरवठा, संगणक विभाग."

"विभाग माहीत आहे गं मला," तू म्हणालीस. "उघडलं."

"पत्ता जुळला?"

"जुळला."

"नवं केलंस?"

"केलं. लिहिलं, पुसलं, परत उघडलं. थोडे पाठवले, मग सगळे. योर्लेला दारात उभी केली होती, पाठमोरी. ती चिडलीय माझ्यावर. म्हणते, मीच शिकवलं आणि मलाच भिंतीकडे तोंड."

सकाळी मी पाहिलं होतं. आपल्या जुन्या पत्त्यावर शून्य होतं. साडेसातला पाहिलं, आणि पावणेअकरापर्यंत ते शून्य म्हणजे काय याचे दोन्ही अर्थ मी धरून बसले होते. हे फोनवर सांगितलं नाही.

मग तू म्हणालीस, "नऊ दिवस, नादी."

"हो."

"रस्त्यात आहे म्हणालीस तिला?"

"हो."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला बसमध्ये नेहमी उलटी होते, लिंबू दिलं असेल ना कुणीतरी."

लाइनची घरघर चालू होती. तू नाक शिंकरलंस. एकदा कुणीतरी तुझ्यामागे विचारलं, छत्तीस नंबरचे पांढरे आहेत का, आणि तू त्याच आवाजात ओरडलीस, "संपले!"

"मी तुला माफबिफ केलेलं नाही," तू म्हणालीस.

"नाही."

"'नाही' काय नाही? कळलं का?"

"कळलं."

"नव्या कागदाचे मी दोन तुकडे केलेत. वरचा तुझा."

"फोनवर वाचू नकोस."

"वाचतेय कोण? येऊन घे."

मी चौथ्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. तू म्हणालीस, "तिकीट मी काढते, आहे त्या भावाने. उतरायची वाट बघायची नाही. कळलं का? महाग तर महाग. येतेस का?"

आणि मी म्हटलं, "बघते." मग घरघर बंद झाली.

तू नंबर उघडला आहेस, हे रात्री लक्षात आलं. संदेश पाठवता आला असता. चार वेळा लिहिला आणि पुसला, कारण ती छोटी खिडकी आणि त्यात एकच शब्द, ते बरोबर दिसत नव्हतं. बेर्ता शनिवारी निघते आहे.

"बघते" हे उत्तर नव्हतं. मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, म्हणून ते तोंडात आलं. पासपोर्ट सप्टेंबर २०२८पर्यंत चालतो. कार्यालयाला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं, ते मी आज सकाळी सांगितलं. मला तुझ्याबरोबर राहायला यायचं आहे.

हो.

नादी